मोटारसायकल मेकॅनिकचे शिक्षण : आय.टी.आय. की गॅरेज?

(पक्षाच्या युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



संयोजकांनी मला 'नियोजन आणि बेकारी' हा विषय सुचवला होता. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयांची एक सोय अशी असते की त्यांवर तासभर बोलूनही ऐकणाऱ्याच्या हाती काही द्यावे लागत नाही. म्हणून मी त्यांना विनंती केली की मला एका लहान प्रश्नावर बोलू द्या. तुमच्यापैकी जे वस्त्यांमध्ये आणि खेड्यांत काम करतात त्यांना हा प्रश्न दर जून महिन्यात कोणी ना कोणी विचारतोच. मुलगा दहावी झालेला असतो, गुण बेताचे पडलेले असतात, मुलाला गाड्यांचे वेड असते. बाप म्हणतो, "भाऊ, पोराला आय.टी.आय.ला घालू, का मिस्त्रीच्या हाताखाली ठेवू?"

या प्रश्नाला आपण बहुधा दोनपैकी एक तयार उत्तर देतो. शिकलेला कार्यकर्ता म्हणतो, शिक्षणाला पर्याय नाही. अनुभवाचे टक्केटोणपे खाल्लेला कार्यकर्ता म्हणतो, त्या सर्टिफिकेटात काही राम नाही, काम हातानेच शिकावे लागते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि अपुऱ्या उत्तराची किंमत त्या मुलाला आयुष्यातील दोन वर्षांनी चुकवावी लागते. म्हणून प्रश्न लहान असला तरी त्याचा साकल्याने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम या धंद्याचा पसारा लक्षात घेऊ. १९७२ साली 'चेतक' स्कूटर आली, त्याच सुमारास पुण्याची 'लुना' आली. १९८४ नंतर जपानी कंपन्यांच्या सहकार्याने कमी पेट्रोल खाणाऱ्या शंभर सी.सी.च्या मोटारसायकली येऊ लागल्या, आणि १९८५ साली औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजचा कारखाना उभा राहिला. तोवर दुचाकी हे मध्यमवर्गाचे वाहन होते. त्यानंतर ते दूधवाल्याचे, शिक्षकाचे, गवंड्याचे, पाचशे कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याचे वाहन झाले. २०१८-१९ या एका वर्षात देशात दोन कोटींहून अधिक दुचाकी विकल्या गेल्या. सार्वजनिक वाहतुकीची सरकारने जी आबाळ केली, तिचा भार या दोन चाकांनी उचलला आहे. ही चाके फिरती ठेवणारा माणूस गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये उकिडवा बसलेला असतो. त्याच्या श्रमाची मोजदाद मात्र आपल्या नियोजनात कोठेही नीट होत नाही.

आता हा माणूस घडतो कसा ते पाहू. गॅरेजमध्ये आलेला पोरगा पहिले काही महिने गाड्या धुतो, चहा आणतो, मिस्त्री मागेल तो पाना हातात देतो. दहा-अकराचा कोणता आणि बारा-तेराचा कोणता, हे तो आकडा न वाचता ओळखू लागतो. मग पंक्चर, चेन ताणणे, ऑइल बदलणे, ब्रेक-शू बसवणे. वर्षभराने क्लच-प्लेट. इंजिन उघडण्याची पाळी त्यानंतर येते. या काळात त्याच्या इंद्रियांना एक शिक्षण मिळते, ते कोणत्याही पुस्तकात नाही. टॅपेट वाजतो की टायमिंग-चेन, हे त्याला कानाने कळते. प्लग काढला की त्याचा रंग पाहून तो निदान करतो. तांबूस-तपकिरी असला तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरा पडला असेल तर कमी. वैद्याने नाडी पाहावी तसे हे ज्ञान आहे, आणि त्याला कमी लेखणारा माणूस श्रमाला कमी लेखतो असे मी म्हणेन.

परंतु या पद्धतीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गॅरेजमध्ये 'कसे' ते शिकवतात, 'का' ते क्वचितच सांगतात. बरेचदा मिस्त्रीलाही ते ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी सगळे सांगणे त्याच्या हिताचे नसते. कारण आजचा शिष्य उद्या समोरच्याच चौकात दुसरे गॅरेज टाकणार असतो. त्यामुळे शिकवण्याची गती मिस्त्रीच्या गरजेने ठरते, मुलाच्या आकलनाने नव्हे. जो काळ शिकण्याचा म्हणून सांगितला जातो त्यातील बराच काळ प्रत्यक्षात बिनपगारी किंवा नाममात्र मोबदल्याच्या हमालीचा असतो.

ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने कारागिरीसाठी सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. ॲडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात या सक्तीवर टीका केली. त्याचे म्हणणे असे की, सामान्य यांत्रिक धंदा समजावून द्यायला वर्षे लागत नाहीत, थोडे आठवडे, कधी थोडे दिवसही पुरतात. हाताला सफाई यायला सराव लागतो, हे त्याला मान्य होते. पण त्या सरावाच्या काळात तरुणाला त्याच्या कामाप्रमाणे मोबदला मिळाला तर तो अधिक मन लावून शिकेल, असे त्याचे प्रतिपादन होते. लांब उमेदवारीत मालकाला स्वस्त श्रम मिळतात आणि धंद्यात नवी स्पर्धा येत नाही, हे त्याने नेमके ओळखले होते. १८१४ साली त्या सक्तीची कलमे रद्द झाली. आपल्याकडे असा कायदा कधीच नव्हता, पण लांब उमेदवारीची रीत मात्र पत्र्याच्या शेडखाली आजही चालू आहे. भांडवलशाहीच्या आद्य पुरस्कर्त्याला जे दिसले ते समाजवाद्याला दिसू नये, असे व्हायला नको.

वयाचा मुद्दा याहून गंभीर आहे. गॅरेजमधील 'छोटू' हा आपल्या सार्वजनिक जीवनातील इतका परिचित चेहरा आहे की तो आपल्याला खटकत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात मोटार वर्कशॉप व गॅरेज या कामांचा पुढे समावेश झाला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला ठेवण्यावर बंदी आली, अपवाद फक्त शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाला केलेली मदत आणि कलाकार म्हणून केलेले काम एवढाच. तरीही ऑइलने माखलेले ते लहान हात आपण रोज पाहतो. काम संपल्यावर हे हात पेट्रोलने धुतले जातात. पेट्रोलमध्ये बेन्झीन असते आणि बेन्झीन कर्करोगकारक आहे, हे त्या मुलाला सांगणारा कोणी नसतो. म्हणून बापाच्या प्रश्नाला उत्तर देताना पहिली अट वयाची. मुलगा चौदाच्या आतला असेल तर 'मिस्त्रीच्या हाताखाली' हा पर्यायच नाही, आणि तसे स्पष्ट सांगण्याचे धैर्य कार्यकर्त्याने दाखवले पाहिजे.

आता आय.टी.आय.कडे वळू. केंद्र सरकारच्या श्रम मंत्रालयाने १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था जन्मल्या. त्यापूर्वीही आपल्याकडे असे प्रयत्न झाले होते. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १८८७ ची, सयाजीराव महाराजांनी बडोद्यात काढलेले कलाभवन १८९० चे. हात आणि बुद्धी यांची जी फारकत जातिव्यवस्थेने केली ती मोडण्याचे हे प्रारंभीचे प्रयत्न होत. जेथे अवजार हाती धरणारा शूद्र आणि ग्रंथ हाती धरणारा श्रेष्ठ, तेथे अवजाराची शाळा काढणे ही साधी गोष्ट नव्हती. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आय.टी.आय. आहेत. देशभरात शासकीय व खाजगी मिळून ही संख्या सुमारे पंधरा हजारांच्या घरात आहे, आणि त्यांतील पाचांपैकी सुमारे चार खाजगी आहेत. हे प्रमाण लक्षात ठेवा, त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. दोन्हींना दहावी उत्तीर्ण ही अट आहे. येथेच पहिली अडचण उभी राहते. ज्याला गाड्यांचे खरे वेड आहे असा मुलगा अनेकदा दहावीच्या गणित-इंग्रजीत अडकलेला असतो. त्याला आय.टी.आय.त वायरमन किंवा वेल्डर होता येते, मेकॅनिक होता येत नाही. म्हणजे ज्याला शाळेची सर्वांत जास्त गरज, त्याच्यासाठीच दार बंद. दुसरी अडचण अशी की, या अभ्यासक्रमाचा भर चारचाकी वाहनांवर आहे, आणि गावात दुरुस्तीला येतात त्या मुख्यतः दुचाकी. तिसरी अडचण तुम्ही स्वतः जाऊन पाहा. कित्येक ठिकाणी निदेशकाची जागा रिकामी असते, एका इंजिनाभोवती वीस मुले उभी असतात, आणि ते इंजिन इतक्या वेळा उघडून बसवलेले असते की त्याच्या बोल्टांचे आटे गेलेले असतात. अशा ठिकाणी दोन वर्षे काढलेला मुलगा गॅरेजमध्ये आला आणि मिस्त्री त्याला हसला, तर दोष मुलाचा नाही आणि मिस्त्रीचाही नाही.

मग जावे का जाऊ नये? येथे थोडा हिशेब करू. आकडे मी उदाहरणादाखल घेतो, आपापल्या गावाप्रमाणे ते बदलून घ्यावेत. समजा, गॅरेजमध्ये मुलाला पहिल्या वर्षी महिना तीन हजार आणि दुसऱ्या वर्षी सहा हजार मिळतात. दोन वर्षे आय.टी.आय.त घालवली तर हे एक लाख आठ हजार रुपये बुडाले. शासकीय संस्थेची फी, एस.टी.चा पास, वह्या-हत्यारे यांचे बारा हजार धरा. एकूण एक लाख वीस हजार. ही त्या कुटुंबाची गुंतवणूक, आणि ती करणारे कुटुंब मजुरीवर जगणारे आहे हे विसरू नका. शिकलेल्या मुलाला न शिकलेल्यापेक्षा महिना दोन हजार जास्त मिळाले तर ती फिटायला साठ महिने, म्हणजे पाच वर्षे लागतील. चार हजार जास्त मिळाले तर अडीच वर्षे. काहीच जास्त मिळाले नाही, तर ती कधीच फिटणार नाही. खाजगी संस्थेची भरमसाट फी यात घातली की हा काळ आणखी लांबतो. तेव्हा प्रश्नाचे उत्तर 'शिक्षण चांगले की वाईट' यावर अवलंबून नाही. त्या शिक्षणाने मुलाच्या श्रमाचे मूल्य खरोखर वाढते का, आणि वाढलेले मूल्य त्याच्या पदरात पडते का, या दोन गोष्टींवर ते अवलंबून आहे.

पहिली गोष्ट घेऊ. पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता, तर दुचाकीपुरते तरी मी 'चांगला मिस्त्री शोधा' असेच सांगितले असते. आज तसे सांगता येत नाही, आणि त्याचे कारण यंत्रातच आहे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे भारत स्टेज-सहा हे निकष लागू झाले, आणि साध्या शंभर सी.सी.च्या गाडीतूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंजेक्टर आला, ऑक्सिजन सेन्सर आला, आणि या सगळ्यांचे नियंत्रण करणारी एक छोटी पेटी आली. २०१९ पासून १२५ सी.सी.वरील नव्या गाड्यांना चाक न अडकू देणारी ब्रेक-यंत्रणा सक्तीची झाली. पूर्वी जेट साफ करून आणि स्क्रू पाव आटा फिरवून गाडी सुरळीत होत असे. आता ती का अडखळते हे त्या पेटीला स्कॅनर लावून विचारावे लागते, आणि तिने दिलेल्या संकेताचा अर्थ लावावा लागतो. संकेत सेन्सर बिघडला असे सांगतो, पण खरे म्हणजे वायर उंदराने कुरतडलेली असते. मल्टीमीटर लावून व्होल्टेज मोजता येणारा मुलगा ती वायर शोधतो. न येणारा मुलगा सेन्सर बदलतो, ग्राहकाचे पैसे जातात आणि गाडी तशीच राहते.

त्याही पुढे विजेच्या दुचाकी आल्या आहेत. २०२४-२५ मध्ये त्या अकरा लाखांहून अधिक विकल्या गेल्या. तिथे पिस्टन नाही, प्लग नाही, टॅपेटचा आवाज नाही. कानाचे आणि डोळ्याचे ते जुने ज्ञान तेथे फार थोडे उपयोगी पडते. मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर यांचे शास्त्र हवे. ओहमचा नियम ही आता शाळेतील पाठांतराची बाब राहिलेली नाही, ती मेकॅनिकच्या भाकरीची बाब झाली आहे. जे शिक्षण 'का' सांगते, त्याचे मोल अशा संक्रमणाच्या काळात वाढते. कारण 'कसे' हे प्रत्येक नव्या गाडीबरोबर बदलते, 'का' मात्र सहसा बदलत नाही.

दुसरी गोष्ट, वाढलेले मूल्य कोणाच्या पदरात पडते? गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली एक भेद मांडला. जे कौशल्य एकाच मालकाकडे उपयोगी पडते ते शिकवण्याचा खर्च मालक आनंदाने करतो. जे कौशल्य कोणाकडेही चालते त्याचा खर्च करायला तो तयार नसतो, कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाईल. बेकर बाजारपेठेचा भक्त होता, आणि त्याने यातून काढलेला निष्कर्ष असा की हा खर्च कामगाराने स्वतः, कमी पगार घेऊन, सोसावा. आपण तोच भेद घेऊन उलट निष्कर्ष काढू शकतो. सर्वांच्या उपयोगाचे कौशल्य जर एकटा मालक शिकवणार नाही आणि गरीब मुलगा विकत घेऊ शकणार नाही, तर ते समाजाने शिकवले पाहिजे. आय.टी.आय. सार्वजनिक का असावी याचे याहून बळकट कारण नाही. आणि म्हणूनच पाचांतल्या चार संस्था खाजगी हातांत जाणे ही केवळ आकडेवारीची बाब नव्हे. त्याचा अर्थ समाजाने आपला खर्च पुन्हा त्या मजूर बापाच्या खांद्यावर टाकला असा आहे.

सर्टिफिकेटाचा आणखी एक उपयोग आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. एस.टी.चे वर्कशॉप, रेल्वे, मोठे कारखाने, कंपन्यांची अधिकृत सर्व्हिस सेंटरे येथे त्या कागदावाचून प्रवेश अवघड. गॅरेजमध्ये शिरकाव बहुधा नात्यागोत्याने, जातीने, मोहल्ल्याने होतो. ज्याचा मामा मिस्त्री नाही त्या दलित मुलाला, आणि जिला कोणताच मिस्त्री हाताखाली घेणार नाही त्या मुलीला, आय.टी.आय.चे राखीव जागांचे दार हेच एक दार आहे. ते अरुंद असेल, गंजलेले असेल, पण ते कायद्याने उघडे आहे. ही गोष्ट केवळ पैशाच्या हिशेबात धरता येत नाही.

म्हणजे शाळा हवी आणि गॅरेजही हवे. दोन्हींची सांगड घालण्याचे काम आपल्याकडे कायद्याने सांगितले आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा हेतू तोच होता. परंतु त्या कायद्याची मेख पाहा. त्याच्या अठराव्या कलमाप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा 'कामगार' नाही, सबब कामगार कायदे त्याला लागू नाहीत. मोठे कारखाने या कलमाचा आधार घेऊन वर्षानुवर्षे नवे नवे शिकाऊ घेतात आणि जुने बाहेर काढतात. उत्पादन त्यांच्याकडून कायम कामगाराइतकेच करून घेतले जाते. आणि दुसरीकडे, २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणे सक्तीचे, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक, आणि चारांहून कमी असतील तर मुभाच नाही. आपले गॅरेज म्हणजे एक मिस्त्री आणि दोन पोरे. म्हणजे ज्या ठिकाणी खरेखुरे शिक्षण चालते ते ठिकाण कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. तेथील मुलाला विद्यावेतन नाही, नोंद नाही, परीक्षा नाही, शेवटी कागद नाही.

जर्मनीत हे वेगळ्या रीतीने केले आहे. तेथे दुचाकीचा मेकॅनिक होण्यासाठी साडेतीन वर्षे लागतात. आठवड्याचे काही दिवस तो वर्कशॉपमध्ये काम करतो आणि मालकाकडून मोबदला घेतो, काही दिवस सरकारी व्यवसायशाळेत शिकतो. काय शिकवायचे ते मालक, कामगार संघटना आणि सरकार मिळून ठरवतात. तेथील लहान वर्कशॉपलाही शिकाऊ घेता येतो, कारण शिकवणाऱ्याची पात्रता पाहिली जाते, केवळ डोकी मोजली जात नाहीत. आपण जर्मनी नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु आपल्याकडेही पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, आणि शाळेने नापास ठरवलेली मुले प्रत्यक्ष कामातून विज्ञान शिकू शकतात हे दाखवून दिले. तेव्हा अडचण मुलांच्या कुवतीची नाही, व्यवस्थेच्या इच्छेची आहे.

आणखी एक अडसर आहे, त्याची चर्चा आपल्या वर्तुळात फार कमी होते. मुलगा शिकला, हुशार झाला, स्वतःचे गॅरेज टाकले, तरी नव्या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका आणि स्कॅनरचे सॉफ्टवेअर अनेकदा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांपुरते राखून ठेवलेले असते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि निदान-साधने स्वतंत्र गॅरेजांना न दिल्याबद्दल अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. पुढे त्यावर अपिले झाली. ते प्रकरण चारचाकींचे होते, पण तत्त्व तेच. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनेही होती. मी तुम्हाला सांगू इच्छितो की हा केवळ ग्राहकाचा हक्क नाही, तो मेकॅनिकचा हक्क आहे. पूर्वी भांडवलदाराकडे यंत्र असे आणि कामगाराकडे ते दुरुस्त करण्याचे ज्ञान असे. आता ते ज्ञानही कुलपात ठेवून भाड्याने देण्याची व्यवस्था होत आहे. ती रोखली नाही तर आय.टी.आय. कितीही सुधारली तरी तिथून बाहेर पडणारा मुलगा विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरचा ठोक पगारावरचा नोकर होईल, स्वतंत्र कारागीर होणार नाही.

तर मग त्या बापाला काय सांगायचे? माझे उत्तर असे. मुलगा दहावी झाला असेल आणि तालुक्यात शासकीय आय.टी.आय. असेल, तर त्याला तेथे घाला, पण प्रवेशाआधी एक दिवस त्याला घेऊन वर्कशॉप पाहा. निदेशक आहे का? २०२० नंतरची एक तरी गाडी उघडून पाहायला आहे का? स्कॅनर आणि मल्टीमीटर मुलांच्या हातात देतात, की कपाटात ठेवतात? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर दोन वर्षे सत्कारणी लागतील. आणि ती दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी मुलाने एखाद्या चांगल्या मिस्त्रीकडे बसावे. शाळेत मोजमाप शिकावे, गॅरेजमध्ये हात चालवावा. खाजगी संस्था असेल तर हीच तपासणी दुप्पट कठोरपणे करावी, आणि कर्ज काढून फी भरायची असेल तर माझे उत्तर 'नको' असे आहे. मुलगा दहावीत अडकला असेल, तर आधी त्याला दहावी पार करायला मदत करा. तोवर तो चौदाच्या पुढचा असेल तर गॅरेजमध्ये ठराविक तास, ठराविक मोबदला आणि काय शिकवणार याची बोली करूनच बसवा. ही बोली करण्यासाठी बापाच्या बाजूला कार्यकर्ता उभा असेल, तर मिस्त्रीही ती मोडताना विचार करील.

परंतु मित्रहो, एकेका बापाला शहाणा सल्ला देणे हे समाजसेवकाचे काम झाले. आपण राजकीय कार्यकर्ते आहोत. एका मुलाने चांगली संस्था शोधली म्हणून वाईट संस्था चांगली होत नाही. म्हणून चार कामे मी तुमच्यासमोर ठेवतो.

पहिले, आपापल्या तालुक्यातील आय.टी.आय.ची पाहणी करा. मंजूर पदे किती, भरलेली किती, यंत्रे कोणत्या सालची, याची माहिती माहिती अधिकारात मागा आणि ती आमसभेत मांडा. दुसरे, चार-पाच लहान गॅरेजे मिळून एक गट मानावा आणि त्या गटाला शिकाऊ घेण्याची, विद्यावेतनातील सरकारी वाट्याची आणि परीक्षेची सोय मिळावी, अशी नियमदुरुस्तीची मागणी लावून धरा. तिसरे, जे आज गॅरेजमध्ये काम करीत आहेत त्यांच्यासाठी आय.टी.आय.चे वर्कशॉप संध्याकाळी उघडे करा. इमारत आहे, यंत्रे आहेत, संध्याकाळी त्यांना कुलूप असते. पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची योजना २०१५ पासून आहे, पण थोड्या तासांची ओळख, एक परीक्षा आणि एक कागद एवढ्याने फ्युएल इंजेक्शन समजत नाही. सहा महिन्यांचा, मराठीतून शिकवणारा, काम सांभाळून करता येणारा वर्ग हवा. चौथे, गॅरेज कामगार आणि लहान मिस्त्री यांची संघटना बांधा. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना बहुतेक तरतुदींतून वगळल्या. २०२३ साली केंद्राने कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना आणली, तिच्यात अठरा व्यवसाय आहेत. लोहार आहे, कुलूप दुरुस्त करणारा आहे, होड्या बांधणाराही आहे. आजच्या खेड्यातला खरा विश्वकर्मा जो मोटारसायकल मेकॅनिक, तो त्या यादीत नाही. जो कोणाच्याही यादीत नाही त्याची यादी करणे, हे समाजवादी पक्षाचे पहिले काम असले पाहिजे.

समाजवाद म्हणजे केवळ मोठ्या उद्योगांची मालकी कोणाची, एवढाच प्रश्न आपण पुष्कळ वर्षे मानत आलो. ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा प्रश्नही तितकाच मूलभूत आहे. शाळेतील ज्ञान हाताला पारखे आणि हातातील ज्ञान शाळेला पारखे, ही फारकत आपल्या समाजात यंत्र येण्यापूर्वीपासून आहे. जातीने ती केली, बाजार ती टिकवतो. येत्या जूनमध्ये तो बाप तुमच्याकडे पुन्हा येईल. तेव्हा त्याला 'आय.टी.आय. की गॅरेज' यांतून एकाची निवड करावी लागू नये, दोन्ही मिळणे हा त्याच्या मुलाचा हक्क ठरावा, एवढे काम या वर्षात आपल्या तालुक्यापुरते तरी उभे करा. तेवढे झाले तर 'नियोजन आणि बेकारी' या विषयावर पुढच्या अभ्यासवर्गात बोलण्याचा आपल्याला खरा अधिकार प्राप्त होईल.